अंतराळातील महत्त्वाकांक्षी व्हिडिओ गेमसाठी लोकवर्गणी कशी उभारावी

अंतराळातील गेम लोकवर्गणीतून उभा करू पाहणाऱ्या प्रत्येकाने २०१२ या एका वर्षाचा इतिहास आधी नीट वाचावा. त्या वर्षाच्या पूर्वार्धात दोघांच्या चमूने ‘एफटीएल: फास्टर दॅन लाइट’ या गेमसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर अवघे १० हजार डॉलर मागितले, त्यांना २ लाखांहून अधिक मिळाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेम विक्रीला आला. ऑक्टोबरमध्ये क्रिस रॉबर्ट्स यांनी ‘स्टार सिटिझन’ची घोषणा केली. किकस्टार्टरवरचे त्यांचे उद्दिष्ट ५ लाख डॉलरचे होते. तेथे २१ लाखांहून अधिक आणि स्वतःच्या संकेतस्थळावरची रक्कम धरून नोव्हेंबरपर्यंत ६० लाखांहून अधिक डॉलर जमले. गेम २०१४ च्या अखेरीस येईल असा तेव्हाचा अंदाज होता. २०२२ मध्ये जमलेली रक्कम ५० कोटी डॉलरच्या पुढे गेली तेव्हाही तो अल्फा म्हणजे अपूर्ण, चाचणीच्या अवस्थेतच होता. नोव्हेंबरमध्ये डेव्हिड ब्रेबेन यांच्या कंपनीने ‘एलिट: डेंजरस’साठी साडेबारा लाख पौंड मागितले, जानेवारी २०१३ पर्यंत १५ लाख ७८ हजार मिळवले आणि डिसेंबर २०१४ मध्ये गेम प्रसिद्ध केला. त्याच सुमारास एका एकट्या विकसकाने ‘लिमिट थिअरी’साठी ५० हजार डॉलर मागून १ लाख ८७ हजारांहून अधिक जमवले, पण जवळजवळ सहा वर्षांच्या कामानंतर, २०१८ मध्ये, तो प्रकल्प अपुराच थांबवावा लागला.

या चारही मोहिमांना मागितल्यापेक्षा जास्त पैसे मिळाले, म्हणजे पैसे मिळणे न मिळणे हा त्यांच्यातला फरक नव्हे. मोहीम सुरू झाली त्या दिवशी गेम किती तयार होता आणि त्यानंतर वचनांची यादी किती वाढली, यांत तो फरक आहे असे माझे मत आहे, आणि पुढील सगळे मार्गदर्शन त्याच मतावर उभे आहे. ‘एफटीएल’चा चमू वर्गणी मागायला आला तेव्हा खेळता येईल असा गेम त्याच्या हाती होता आणि पैसे तो पूर्ण करण्यासाठी हवे होते. वीसपट रक्कम मिळूनही त्यांनी गेमचा आकार फारसा वाढू दिला नाही; मोठी भर त्यांनी २०१४ मध्ये विनामूल्य आवृत्ती म्हणून दिली, म्हणजे मूळ गेम लोकांच्या हाती पडल्यानंतर.

सर्वांत लहान पूर्ण गेम

मोहिमेचे पान लिहायला बसण्यापूर्वी दोन याद्या तयार कराव्यात. पहिल्या यादीत उद्दिष्टाची नेमकी रक्कमच जमली, एक डॉलरही जास्त आला नाही, तर जो गेम द्यायचा त्याचे वर्णन असावे. तो एकट्यानेही खेळावासा वाटला पाहिजे आणि त्याला सुरुवात व शेवट असला पाहिजे. दुसऱ्या यादीत जे करायचे नाही ते लिहावे: ग्रहांवर उतरणे, जहाजातून बाहेर पडून चालणे, अनेक खेळाडूंचे सामाईक विश्व, कन्सोलवरील आवृत्ती, व्हीआर (डोळ्यांवरच्या उपकरणातून दिसणारे आभासी जग). दुसरी यादी पहिलीइतकीच गांभीर्याने लिहावी आणि मोहिमेच्या पानावर ती उघडपणे द्यावी, कारण अंतराळातील गेमचे नाव काढले की प्रत्येक वाचक आपल्या मनातला गेम त्या नावाखाली पाहू लागतो. जहाज दिसले की त्यात चालता येईल, ग्रह दिसला की त्यावर उतरता येईल असे तो गृहीत धरतो, आणि जे आपण कधी बोललोच नाही त्याचाही हिशेब पुढे आपल्याकडेच मागितला जातो.

यादीतील प्रत्येक गोष्टीची किंमत कळण्यासाठी हाती प्रोटोटाइप, म्हणजे गेमचा खेळता येणारा कच्चा नमुना, हवा. केवळ चित्रे आणि संगीत यांच्या आधारे वर्गणी मागणे शक्य आहे, प्रसिद्ध निर्मात्यांनी ते केलेही आहे. परंतु रॉबर्ट्स यांच्यामागे ‘विंग कमांडर’ आणि ब्रेबेन यांच्यामागे १९८४ चा ‘एलिट’ हे त्यांचे जुने, गाजलेले अंतराळातील गेम उभे होते. ज्याच्यामागे असे काही नाही, त्याला जहाज उडवण्यातला आनंद पंधरा मिनिटांच्या डेमोमध्ये दाखवता आला पाहिजे. तो आनंद डेमोत नसेल तर मोहीम पुढे ढकलावी.

अंतराळ नेमके कोठे महाग पडते

ज्यांनी इतर प्रकारचे गेम केले आहेत त्यांचा अंदाज अंतराळाच्या बाबतीत हमखास चुकतो, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. बऱ्याच गेम इंजिनांत, म्हणजे गेम ज्या तयार सॉफ्टवेअरवर उभा राहतो त्यांत, वस्तूचे स्थान ३२ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट (दशांशचिन्हाची जागा बदलू शकणाऱ्या) संख्येत साठवले जाते आणि अशा संख्येची अचूकता साधारण सात अंकांपुरती असते. एक एकक म्हणजे एक मीटर धरल्यास, मूळ बिंदूपासून (जेथून सगळी अंतरे मोजली जातात) चंद्राइतक्या अंतरावर, म्हणजे सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, लगतच्या दोन संभाव्य स्थानांमध्ये ३२ मीटरांचे अंतर पडते. पृथ्वीपासून सूर्याइतक्या अंतरावर ते १६ किलोमीटरांपेक्षा जास्त होते. याचा अर्थ असा की तेथे पोहोचलेले जहाज सरळ रेषेत सरकण्याऐवजी उड्या मारत जाईल, त्याचे भाग एकमेकांपासून सुटल्यासारखे थरथरतील आणि टकरीचे गणित निरर्थक ठरेल. यावर दोन रूढ उपाय आहेत. खेळाडूला सतत मूळ बिंदूजवळ ठेवून बाकीचे विश्व त्याच्याभोवती सरकवणे हा पहिला, आणि स्थाने ६४ बिटांत साठवणे हा दुसरा. दुसऱ्या उपायाने सूर्याइतक्या अंतरावरही मिलिमीटरच्या अंशापर्यंत अचूकता मिळते, परंतु त्यासाठी तयार इंजिनाच्या गाभ्यात हात घालावा लागतो. ‘स्टार सिटिझन’च्या चमूला क्रायइंजिन हे मूळचे प्रथमपुरुषी नेमबाजीच्या गेमांसाठीचे इंजिन याच कारणासाठी मोठ्या प्रमाणात बदलावे लागले. हे काम पडद्यावर दिसत नाही, त्याचे चित्र वर्गणीदारांना दाखवता येत नाही, आणि तरीही ते महिनोन्महिने पगार खात राहते. म्हणून इंजिनाची निवड आणि मोठ्या अंतरांची चाचणी मोहिमेआधी पूर्ण झालेली असावी.

दुसरा खर्चिक प्रश्न वेळेचा आहे. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला प्रकाशालाही आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. खऱ्या अंतरांचे विश्व बांधले तर प्रवास कसा घडवायचा हे ठरवावेच लागते. एकट्याने खेळायच्या गेममध्ये काळ वेगाने पुढे नेण्याची सोय देता येते. अनेक खेळाडू एकाच विश्वात असतील तर एकासाठी काळ पळवणे अशक्य होते आणि वेगवान प्रवासाची वेगळीच यंत्रणा रचावी लागते. त्यामुळे मल्टिप्लेअर ‘नंतर जोडू’ असे आश्वासन देणे धोक्याचे आहे. तो निर्णय पहिल्या ओळीपासून सबंध गेमची रचना बदलतो. शिवाय सर्व्हरचा खर्च गेम प्रसिद्ध झाल्यावर सुरू होतो, तर वर्गणी एकदाच मिळते.

याउलट ताऱ्यांची संख्या स्वस्त आहे. १९८४ च्या ‘एलिट’ने त्या काळच्या घरगुती संगणकाच्या तुटपुंज्या स्मृतीत, सूत्रांतून निर्माण होणाऱ्या ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले होते. ‘आमच्या गेममध्ये अब्जावधी ग्रह आहेत’ हे वाक्य त्यामुळे खरे असूनही फारसे काही सांगत नाही. दहाव्या ग्रहावर पहिल्या नऊपेक्षा वेगळे काय करायला मिळेल, या प्रश्नाचे उत्तर माणसांनी हाताने घडवावे लागते आणि अंदाजपत्रकाचा मोठा वाटा तेथेच जातो. पानावर संख्येऐवजी ते उत्तर लिहावे.

किती मागावे

किकस्टार्टरची पद्धत ‘पूर्ण किंवा काहीच नाही’ अशी आहे: मुदतीत उद्दिष्ट गाठले तरच वर्गणीदारांच्या कार्डांवरून पैसे घेतले जातात, आणि मोहीम सुरू झाल्यावर उद्दिष्टाची रक्कम बदलता येत नाही. काही अन्य मंचांवर जमेल तेवढी रक्कम घेण्याची सोय असते, पण गेमसाठी ती घेऊ नये असे मला ठामपणे वाटते. दहा जणांच्या कामाच्या पैशांपैकी चौथा हिस्सा हातात आला, तर चतुर्थांश गेम तयार होत नाही. वचन मात्र पूर्ण गेमचे राहते.

हातात पडणाऱ्या रकमेचा हिशेब उलट्या दिशेने करावा. समजा २,५०० जणांनी सरासरी ४० डॉलर दिले आणि १ लाख डॉलर जमले. मंचाचे ५ टक्के शुल्क म्हणजे ५ हजार गेले. पैशांच्या देवघेवीचे ३ टक्के म्हणजे ३ हजार आणि प्रत्येक वर्गणीमागे २० सेंट म्हणजे आणखी ५०० गेले. उरले ९१,५००, आणि त्यातूनही काही कार्डे ऐनवेळी नाकारली जातात. त्यानंतर भेटवस्तूंचा खर्च, वकील, हिशेबनीस आणि कर. वर्गणीची रक्कम अनेक देशांत उत्पन्न म्हणून करपात्र ठरते. मोहीम आर्थिक वर्षाच्या शेवटी संपली आणि खर्च पुढच्या वर्षात पडला, तर न खर्चलेल्या पैशांवर कर भरण्याची वेळ येऊ शकते. मोहिमेची तारीख ठरवण्याआधीच हिशेबनिसाला भेटावे असे म्हणण्याचे कारण हे आहे. आता चमूत पाच जण असून सगळा खर्च धरून दर महिन्याला २० हजार डॉलर लागतात असे मानले, तर हे सगळे वजा जाता या लाखभर डॉलरमध्ये साडेचार महिनेही निघत नाहीत.

ही आकडेमोड करून पाहिल्यावर बहुतेकांना उद्दिष्ट कमी दाखवण्याचा मोह होतो: थोडे मागू, लवकर गाठू, मग गती मिळेल. उरलेली रक्कम स्वतःच्या बचतीतून, प्रकाशकाकडून किंवा अनुदानातून खरोखर येणार असेल आणि ते पानावर स्पष्ट लिहिले असेल, तरच हे योग्य आहे. अन्यथा आपण अशा गेमचे पैसे घेतो जो त्या पैशांत होणार नाही हे आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. वेळेच्या अंदाजाबाबतही तेच: चमूने मनापासून केलेला अंदाज घ्यावा, त्यात चाचणी, दुरुस्त्या, आजारपण आणि भाषांतर यांसाठी निदान निम्मी भर घालावी आणि त्या वाढलेल्या काळाचा पगार उद्दिष्टात धरावा.

पान, चित्रफीत आणि विश्वास

चित्रफितीच्या पहिल्या काही क्षणांत गेम चालताना दिसावा. निर्मात्याचे मनोगत नंतर यावे आणि थोडक्यात यावे. प्रत्येक दृश्याखाली ते प्रत्यक्ष गेममधले आहे की कल्पनाचित्र आहे हे लिहावे. अंतराळातील दृश्ये फार सहज भव्य दिसतात आणि काळ्या पार्श्वभूमीवरचे एक सुंदर जहाज काहीही सिद्ध करत नाही. पानावर चमूतील प्रत्येकाने पूर्वी काय केले आहे, पैसा कोणत्या कामांवर किती जाईल, आजवर काय तयार आहे आणि काय नाही, हे यावे. किकस्टार्टरवर २०१२ पासून जोखमींचा स्वतंत्र विभाग लिहावा लागतो. बहुतेक लोक त्यात ‘आमचा चमू अनुभवी आहे’ असे आश्वासन लिहून मोकळे होतात. तेथे खरी भीती लिहावी: प्रमुख प्रोग्रॅमर एकच आहे, तो आजारी पडला तर काम असे चालेल, नेटवर्कची यंत्रणा शंभर खेळाडूंवर तपासली आहे, हजारांवर नाही. असे लिहिल्याने वर्गणी कमी होईल ही शंका स्वाभाविक आहे, परंतु जो वर्गणीदार हे वाचून पैसे देतो तो पहिल्या विलंबाच्या वेळी सोबत राहण्याची शक्यता अधिक असते.

वचन देताना ‘असेल’ आणि ‘असावे अशी इच्छा आहे’ यांत भाषेने फरक करावा. ‘एलिट: डेंजरस’च्या मोहिमेत इंटरनेटशिवाय एकट्याने खेळण्याची सोय सांगितली गेली होती, पण प्रसिद्धीला महिना उरला असताना, नोव्हेंबर २०१४ मध्ये, ती वगळल्याचे जाहीर झाले आणि अनेक वर्गणीदारांनी संतापून पैसे परत मागितले. गेम आला, मोठा होता, चांगला होता, तरी त्या एका वाक्याची किंमत चुकवावी लागली. एखादी गोष्ट वगळावीच लागली तर ती कळल्याच्या आठवड्यात सांगावी.

भेटी आणि वाढीव उद्दिष्टे

वर्गणीदारांना द्यायच्या भेटी शक्यतो डिजिटल असाव्यात: गेमची प्रत, चाचणी आवृत्तीत आधी प्रवेश, संगीत, श्रेयनामावलीत नाव. छापील नकाशे, कपडे आणि मूर्ती आकर्षक वाटतात, परंतु त्यांचे उत्पादन, वेष्टन, टपाल आणि सीमाशुल्क यांत पैसा तर जातोच, त्याहून वाईट म्हणजे चमूतील एक माणूस काही महिने गेमपासून दूर जातो. अंतराळातील गेमला या बाबतीत एक सुंदर सोय आहे. तारे, ग्रह आणि स्थानके यांना वर्गणीदारांची नावे देता येतात आणि त्यांची संख्या संपत नाही. नावे तपासण्याचा अधिकार राखून ठेवला की ही भेट जवळजवळ विनाखर्च असते आणि घेणाऱ्याला ती मनापासून आवडते. ‘तुमचे स्वतःचे जहाज आमच्याबरोबर घडवा’ ही भेट मात्र फार मोजक्या जणांना द्यावी. एक जहाज म्हणजे मॉडेल, पोत, आवाज, संतुलन आणि चाचणी मिळून चमूच्या कित्येक आठवड्यांचे काम असते.

वाढीव उद्दिष्टांबाबत माझे मत कडक आहे. उद्दिष्ट गाठल्यावर ‘आणखी ५० हजार आले तर ग्रहांवर उतरता येईल’ अशी घोषणा करण्याचा उत्साह समजण्यासारखा आहे, कारण त्या क्षणी सगळे जग आपल्या बाजूने असल्यासारखे वाटते. परंतु अशी घोषणा रात्रीतून होते आणि तिचा भार वर्षानुवर्षे वाहावा लागतो. त्या ५० हजारांत ती गोष्ट होते की नाही हे कोणी मोजलेले नसते. शिवाय नव्या गोष्टी एकमेकींत गुंततात. ग्रहांवर उतरणे आले की भूपृष्ठ आले, भूपृष्ठ आले की तेथे करण्यासारखे काही हवे, आणि मग जहाजातून बाहेर पडण्याची मागणी टाळता येत नाही. वाढीव उद्दिष्टे ठेवायचीच असतील तर ती मोहीम सुरू होण्याआधी खर्चासह ठरवून ठेवावीत, आहे त्याच गेमला दाट करणारी असावीत, म्हणजे गेममधल्या अधिक कामगिऱ्या, अधिक भाषा, पूर्ण वाद्यवृंदाचे संगीत, जास्त काळ चाचणी, आणि नवी यंत्रणा जोडणारी एकही नसावी. सर्वांत उत्तम वाढीव उद्दिष्ट ‘हाच गेम घाई न करता पूर्ण करू’ हे आहे आणि ते उघडपणे जाहीर करायला संकोच वाटू नये.

मोहिमेचे दिवस

मोहिमेची मुदत किकस्टार्टरवर ६० दिवसांपर्यंत ठेवता येते, परंतु ३० दिवस पुरेसे आहेत. वर्गणी प्रामुख्याने सुरुवातीच्या आणि शेवटच्या दिवसांत येते. मधला काळ लांबवल्याने चमू थकतो, रक्कम वाढत नाही. पहिल्या दोन दिवसांत कोण येणार हे आधी ठाऊक असले पाहिजे. वरच्या उदाहरणात २,५०० वर्गणीदार लागतात. त्यांपैकी किती जणांनी डेमो खेळला आहे, किती जणांनी स्वतःहून ईमेल दिला आहे, किती जण डिस्कॉर्डवर (खेळाडूंच्या गप्पांच्या ऑनलाइन मंचावर) रोज बोलतात, हे मोजावे. उत्तर ‘काही डझन’ असे असेल तर मोहीम लोकांना शोधून आणेल या आशेवर बसू नये; डेमो आणखी सहा महिने फिरवावा. मोहीम चालू असताना चमूतील किमान एका व्यक्तीने प्रश्नांना उत्तरे देण्याखेरीज दुसरे काम करू नये, आणि उत्तर देणाऱ्याला ‘नाही, हे या गेममध्ये नसेल’ असे सांगण्याची मुभा असावी.

पैसे आल्यावर

रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि दर महिन्याला एकच आकडा काढावा: आजच्या खर्चाने किती महिने उरले. हा आकडा आणि उरलेल्या कामाचा अंदाज यांतले अंतर वाढू लागले की गेमचा आकार ताबडतोब कमी करावा. पैसे संपत आल्यावर केलेली काटछाट नेहमी चुकीच्या ठिकाणी होते. वर्गणीदारांना महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी वृत्तान्त द्यावा. त्यात काय झाले, काय अडले आणि तारीख बदलली असेल तर नवी तारीख व तिचे कारण असावे. दाखवण्यासारखे चित्र नसले तरी वृत्तान्त चुकवू नये, कारण अचूकतेच्या दुरुस्तीसारखे अदृश्य काम साध्या भाषेत समजावून सांगितले तर वाचक त्यात मनापासून रस घेतात. नेमके या काळात चमूतील माणसांकडेही पाहावे. ‘लिमिट थिअरी’च्या विकसकाने थांबण्याचे कारण सांगताना स्वतःची ओढाताण आणि आलेली थकावट मोकळेपणाने मांडली होती; म्हणून एकट्याने असा गेम करणाऱ्याने सुट्टी, मदतनीस आणि दुसऱ्या कोणाला कळेल असा नीट लिहिलेला कोड यांची तरतूद अंदाजपत्रकातच करावी.

आणि गेम पूर्ण होणार नाही हे स्पष्ट झाले तर शेवटचा पैसा संपण्याची वाट पाहू नये. किकस्टार्टरच्या अटींनुसार अशा वेळी निर्मात्याने पैसे कसे खर्च झाले हे दाखवायचे असते आणि उरलेले पैसे परत करण्याचा किंवा प्रकल्प अन्य मार्गाने पूर्ण करण्याचा प्रामाणिक प्रयत्न करायचा असतो. खर्चाचा तक्ता, तयार झालेला भाग खेळता येईल अशी आवृत्ती, शक्य असेल तर कोड आणि उरलेल्या रकमेतून प्रत्येकाच्या वाट्याला येणारा हिस्सा, हे सगळे एकाच वृत्तान्तात द्यावे. त्याखाली चमूतील सर्वांची नावे असावीत.